ताटातलं आणि वाटेवरचं: बेळगाव भागात रोजची चित्रवही ठेवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गोकाक. खाण्यापिण्याची आणि जवळपासच्या भटकंतीची चित्रवही ठेवणारे लोक या पट्ट्यात बरेच झाले आहेत आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच तेच असतात. ते इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाळेत चित्रकलेत मला जेमतेम मार्क पडायचे. मी अशी वही सुरू करू का?

करा. पेला पेल्यासारखा दिसला आणि भजं भजं म्हणून ओळखू आलं की झालं. नाहीच आलं तर बाजूला नाव लिहायला जागा असते. ड्रॉइंगच्या लोअर-हायर परीक्षा दिलेल्यांनाच उलट सुरुवातीला जड जातं, कारण त्यांच्या हातातलं खोडरबर सुटत नाही. रबर घरी ठेवा, थेट पेनने काढा. चुकलेली रेघ तशीच राहू द्या आणि तिच्या शेजारी दुसरी ओढा.

२. वही कोणती घेऊ? महागाचीच लागते का?

नाही. आकार ए-फाइव्ह, म्हणजे शाळेच्या मोठ्या वहीच्या साधारण अर्धा. तो पिशवीत मावतो आणि हॉटेलच्या टेबलावर ताटाशेजारी ठेवता येतो. कागदाची जाडी मात्र बघून घ्या. नुसतं पेन किंवा पेन्सिल वापरणार असाल तर १०० ते १२० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरतो. वरून हलका जलरंग द्यायचा असेल तर किमान १६० ते २०० हवा. पाणी भरपूर खेळवायचं असेल तर ३०० घ्या, पण त्या वहीत पानं कमी असतात आणि महाग कागदावर रोजचं उप्पीट काढायला जीव होत नाही. म्हणून पहिली वही मधल्या जाडीचीच घ्यावी. शिलाईची वही पूर्ण उघडते. स्पायरलची दुमडता येते, उभ्याने काढायला सोयीची. गोंदाने चिकटवलेली टाळा, इथल्या पावसात तिची पानं सुटतात.

३. पेन आणि रंग काय घ्यायचे?

पेन पाण्यात न विरघळणाऱ्या शाईचं हवं. पिगमेंट शाईची पेनं मिळतात. काही जेल पेनंही वाळल्यावर टिकतात, पण घेण्याआधी कागदावर रेघ ओढून, मिनिटभर थांबून, ओलं बोट फिरवून बघा. फाउंटन पेनची साधी निळी शाई रंगाखाली हमखास पसरते. यातलं काहीच जवळ नसेल तर बॉलपेन उत्तम. पाण्याला तो दाद देत नाही.

रंगांच्या मोठ्या डब्याची गरज नाही. या भागासाठी सहा रंग भरपूर आहेत: लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि सॅप ग्रीन (पानासारखा हिरवा). काळा रंग विकत घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र केले की प्रमाणानुसार फिकट करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. स्टीलचं ताट, जुलैतलं आभाळ आणि ज्वारीच्या भाकरीवरचे डाग याच दोन रंगांतून निघतात.

जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडताना हेच सहा रंग वेगवेगळ्या मापाने संपतात, हे इथल्या वहीचं खरं वैशिष्ट्य. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा दगड, तांबडी माती आणि भातशेती. तिथं बर्न्ट सिएना आणि सॅप ग्रीन भराभर उडतात. बैलहोंगल, सौंदत्तीकडे गेलात की काळी रानं, ज्वारी, कापूस. तिथं ऑकर आणि तो मिसळलेला करडा लागतो. ताटातही तोच फरक: पश्चिमेला भाताचा ढीग पांढरा सोडायचा असतो, पूर्वेला भाकरीचा करडा भरायचा असतो.

४. घरी रोज तेच जेवण असतं. भात-आमटी किती वेळा काढणार?

पूर्ण ताट रोज काढू नका. एक दिवस नुसतं चहाचं गाळणं आणि त्यातला गाळ. दुसऱ्या दिवशी फोडणीचा डबा: मोहरीची वाटी भरलेली, जिऱ्याची तळाला गेलेली. एक दिवस फक्त आमटीचा डाव. लोणच्याची बरणी दर रविवारी त्याच जागेवरून काढा, फक्त आतली पातळी बदलत जाईल. पावसाळा संपेपर्यंत तळ दिसायला लागतो आणि त्या चार-पाच पानांत घराचं सगळं वर्तमान येतं, पाहुणे कधी येऊन गेले तेसुद्धा.

आमटी तरी रोज तीच कुठं असते? तुरीची पिवळी, मसुराची विटकरी, आमसूल जास्त पडलेली गडद. रंगाचा एक ठिपका आणि डाळीचं नाव, एवढं एका ओळीत झालं तरी तो दिवस नोंदला गेला.

५. चित्र काढेपर्यंत जेवण गार होतं आणि घरचे ओरडतात. काय करावं?

त्यांचं बरोबर आहे. गार भाकरीचं चित्र कितीही छान आलं तरी ती भाकरी वाया गेली. जेवणाआधी पाच मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका आणि तेवढ्यात जे लवकर बदलतं ते आधी काढा: चहाचा फेस, भातावर वितळणारं तूप, कोशिंबिरीला सुटणारं पाणी. वाटी, ताट, पेला पळून जात नाहीत, ते जेवल्यावर पुरे करा. रंग तर संध्याकाळीही देता येतो, फक्त प्रत्येक पदार्थाशेजारी रंगाचं नाव किंवा ठिपका टाकून ठेवा.

दुसरा मार्ग म्हणजे जेवण झाल्यावरचं ताट काढणं. शेवग्याच्या चोखलेल्या शेंगा, लिंबाची साल, कढीपत्ता, बाजूला सारलेली मिरची. कुणी घाई करत नाही आणि कोण काय टाकतं तेही कळतं.

६. स्टीलचं ताट कसं काढायचं? माझं तर राखेचं वाटतं.

सगळीकडे करडा रंग फासल्यामुळे तसं होतं. स्टील म्हणजे बहुतेक कोरा कागद आणि त्यावर दोन-तीन गडद पट्टे. काठाची एक कड गडद, आतल्या कडेला वाटीचं प्रतिबिंब, बाकी पांढरं सोडा. आमटीची वाटी जवळ असेल तर काठावर पिवळसर छटा येते, तेवढीच द्या. ताटाचा गोल बसल्या जागेवरून लंबगोल दिसतो. वाटीचा वरचा आणि खालचा लंबगोल एकाच दिशेने चपटे हवेत. हे सांभाळलं की ताट टेबलावर बसतं.

७. भाकरी, मांडे, कुंदा हे आपले पदार्थ ओळखू येतील असे कसे काढायचे?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश सांगतो.

भाकरी कंपासने काढल्यासारखी गोल नसते. थापताना कडेला चिरा पडतात; दोन-तीन ठिकाणी त्या दाखवल्या की ती पुरी किंवा पोळी न वाटता भाकरी वाटते. ज्वारीच्या भाकरीचा रंग पांढरा नाही आणि पिवळाही नाही. भरपूर पाण्यात ऑकर, त्यात अल्ट्रामरीनचा नखभर अंश. तो पूर्ण वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने तव्याचे डाग टेकवा. ओल्यात टेकवले तर पसरतात आणि बुरशी आल्यासारखी दिसते. पापुद्रा सुटलेला असेल तर त्याखाली एक बारीक गडद सावली द्या. पूर्वेकडे मिळणारी कडक भाकरी पापडासारखी असते. तिची चळत काढायची तर फक्त कडा काढा, एकमेकींवर किंचित सरकलेल्या. शेजारी भरलं वांगं, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, कच्चा कांदा. कारळ्याची चटणी काळी म्हणून काळीच फासू नका, ती करडी-तपकिरी असते आणि तेल सोडलेल्या जागी तेवढी गडद होते.

मांडा घडी घातलेला असतो, तेव्हा त्याचं चित्र म्हणजे घडीचं चित्र. बाहेरून आयत, कडेला थरांच्या रेघा, वरच्या थरातून आतली साखर जिथं जाणवते तिथं किंचित गडद छटा. पण नुसता मांडा काढून थांबू नका. जिथं करतात तिथं उभं राहायला मिळालं तर हात काढा: कणकेचा गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरतो आणि मग तापलेल्या पालथ्या खापरावर जातो. हे सगळं इतकं भरभर होतं की एका मांड्यात एकच स्थिती पकडता येते. पहिल्या मांड्याला उजवा हात, दुसऱ्याला डावा, तिसऱ्याला खापर. लग्नसराईत मांडेच मांडे होत असतात, त्यामुळे मॉडेलची वाण नाही.

कुंदा हा रंगाचा पदार्थ. दूध आणि साखर आटवत, परतत नेलेली. त्यामुळे एकाच घासात फिकट बदामी ते गडद तपकिरी सगळं असतं. ऑकरचा पातळ थर द्या, तो ओला असतानाच मधे मधे बर्न्ट सिएना सोडा, पाच-सहा बारीक ठिपके कोरे ठेवा. तेच तुपाचे चकाकणारे कण. ओला थर ब्रशने घोटत बसलात तर रव्याचा शिरा होतो.

चुरमुरे, फरसाण, पोहे असलं काही असेल तर ढिगाची बाह्यरेषा काढा आणि पुढच्या कडेचे मोजके दाणे नीट काढा. बाकीचे डोळा आपोआप भरून घेतो.

८. पानावर चित्राशिवाय काय लिहायचं?

तारीख, जागा, काय खाल्लं, किती पैसे पडले, कुणी केलं. किंमत जरूर लिहा. आज ती क्षुल्लक वाटते, पण वही जुनी झाली की लोक आधी तीच वाचतात. सणाचा दिवस असेल तर तिथीही लिहा. शिवाय कानावर पडलेलं एखादं वाक्य. शेजारच्या टेबलावरचं "आज भात कमी लाव, सून माहेरी गेलीय" हे वाक्य त्या पानाला चित्राइतकंच उपयोगी आहे. आपल्याकडे अर्धं बोलणं कन्नडमध्ये होतं, तेही ऐकू येईल तसं देवनागरीत लिहून टाका. शुद्धलेखनाची चिंता करायची नाही.

९. फोटो काढून घरी निवांत चित्र काढलं तर चालेल का?

चालेल, पण सवय करू नका. फोटोत सगळंच सारखं महत्त्वाचं दिसतं, त्यामुळे आपण टेबलक्लॉथची फुलंही काढत बसतो. जागेवर निदान बाह्यरेषा काढा, फोटो फक्त रंग आठवायला ठेवा. मिरवणुकीला हा नियम थोडा सैल होतो, प्रश्न १५ बघा.

१०. सुट्टीच्या अर्ध्या दिवसात जाऊन यायला कुठं बरं? आणि तिथं काय काढायचं?

शहरातच सुरुवात करा. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती बांधवली. मंडपाच्या छतातलं दगडी कमळ काढायचं असेल तर मान वर करून तपशिलाच्या मागे लागू नका. आधी मध्यबिंदू, मग आत-बाहेर अशी वर्तुळं, मग एकाच फाकीतल्या पाकळ्या नीट. उरलेल्या फाक्या नुसत्या रेघांनी सुचवा. खाली बसून खांब काढणं जास्त सोपं आहे आणि सकाळच्या उन्हात खांबांवरची झिलई छान दिसते. येताना किल्ला तलावावर थांबा, पाण्यातलं प्रतिबिंब दोन आडव्या रेघांत होतं. टिळकवाडीत वीरसौध स्मारकाजवळची काँग्रेस विहीर आहे. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हाची ती. विहीर काढणं म्हणजे पुन्हा लंबगोल. प्रश्न ६ मधलं ताट जमलं असेल तर विहीर जमेल.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर भात कापणीच्या आधी जा. वरून खाचरांचे तुकडे दिसतात, काही हिरवे, काही पिकून पिवळे, आणि मधून बांधांच्या रेघा. तटबंदी काढण्यात वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. खालची शेतं काढा, तुमच्या ताटातला तांदूळ तिथला असतो.

खानापूर पंचवीसेक किलोमीटर. तिथली माती कुंभारकामाची, कौलांचे कारखानेही तिथंच उभे राहिले. फिरत्या चाकावर मडकं वर येताना काढणं हा हाताला फार चांगला सराव. तिथून पुढे हलशी. कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं मंदिर बघण्यासारखं आहे, पण दुपारी जेवायची सोय बघून जा, नाहीतर चित्रवहीत फक्त देऊळच राहील. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. एवढ्या मोठ्या नदीची सुरुवात एका लहानशा कुंडात बघून मुलं चकित होतात.

गोकाकचा धबधबा सगळ्यांना पावसाळ्यात बघायचा असतो आणि घटप्रभा सुमारे ५२ मीटरवरून कोसळताना दिसते ती तेव्हाच. काढायला मात्र मला उन्हाळ्यातला आवडतो. पाणी कमी असतं, खडकाचे थर मोकळे होतात, झुलता पूल स्पष्ट दिसतो. पावसाळ्यात काढायचाच असेल तर पाणी रंगवू नका. दोन्ही बाजूंचा खडक गडद करा, मधला कागद कोरा सोडा. परतताना करदंट घ्या. त्याचा छेद काढायला मजेचा: डिंक, खोबरं, सुकामेवा, सगळं गुळात अडकलेलं.

थंडीत निपाणी-संकेश्वरकडे जा, गुऱ्हाळं सुरू असतात. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, काहिलीवरची वाफ, रस ढवळणारा गुळव्या आणि शेवटी मांडून ठेवलेल्या ढेपा. एका जागी बसून चार पानं भरतात. वाफ काढायची म्हणजे मागची भिंत रंगवायची आणि वाफेपुरता कागद ओला करून रंग टिपून घ्यायचा. संकेश्वरी मिरची वाळत घातलेली दिसली तर क्रिमसन काढाच.

११. बसने गेलो तर हलत्या बसमध्ये चित्र काढता येतं का?

खिडकीबाहेरचं नाही, आतलं येतं. पुढच्या सीटवरची पिशवी, दांडी धरलेला हात, बुट्टीतली कोंबडी. रेघ थरथरते ती थरथरू द्या, घाटात तर ती शोभतेच. बस थांबली की तेवढ्यात सरळ रेघा उरकून घ्या.

१२. तिकीटं, मिठाईचे कागद, पाकिटं वहीत चिकटवावीत का?

तिकीट जरूर. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे आणि त्याचं शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. ते वहीत लावण्यासारखंच आहे. पण मशीनमधून येणारी तिकिटं बहुधा उष्णतेच्या कागदाची असतात, वर्ष-दोन वर्षांत अक्षरं उडतात. म्हणून खाली मजकूर हाताने लिहून ठेवा. कुंद्याचा किंवा भज्यांचा तेलकट कागद मात्र चिकटवू नका. तूप शेजारच्या पाच पानांत उतरतं आणि मुंग्या येतात. तो कागद समोर ठेवून काढा.

१३. टपरीवर, बाजारात लोक गोळा होतात, संकोच वाटतो. परवानगी कशी मागायची? मला कन्नड नीट येत नाही.

खाऊन, पैसे देऊन मग बसायला जागा मागा. आधी चित्र आणि मग एक कट चहा, असं केलं तर गिऱ्हाइकाची जागा अडते. "अक्का, पाच मिनिटं इथं बसून चित्र काढू का?" एवढं पुरतं. समोरची बाई कन्नड बोलणारी असेल तर "अक्का, चित्र बिडिसबहुदा?" असं विचारा. पुढचं बोलणं ती निम्मं मराठीतच करेल. गणपत गल्लीत, खडेबाजारात गर्दीच्या वेळी रस्त्यात उभं राहू नका. दुपारी दोन ते चार बाजार सुस्त असतो, दुकानदारही गप्पांना मोकळा असतो.

मुलं भोवती जमली तर एकाला पेन द्या आणि कोपऱ्यात त्याचं नाव लिहायला सांगा. माणसाचा चेहरा ओळखू येईल असा काढला असेल तर त्याला दाखवा. त्याने "नको" म्हटलं तर ते पान कुणाला दाखवायचं नाही आणि कुठं टाकायचंही नाही. बहुतेक वेळा तक्रार वेगळीच असते: "माझी मिशी एवढीच काय?"

१४. आपल्याकडे पाऊस चार-चार महिने हटत नाही. तेव्हा वही बंद ठेवायची का?

पावसाळ्यातच खाण्याची वही सगळ्यांत भरते, बंद कशाला ठेवायची? फक्त साहित्य बदला. जुलै-ऑगस्टमध्ये जलरंग वाळत नाही, पान मिटलं की समोरच्या पानाला चिकटतो. बॉलपेन आणि रंगीत पेन्सिली वापरा. जलरंगच हवा असेल तर एका दिवशी एकच पान, आणि रात्रभर वही उघडी ठेवा, पंख्याखाली, चुलीजवळ नको. एका बाजूने तापलेला कागद वाकतो. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली तर घरी आल्यावर लगेच बाहेर काढा, आतल्या दमटपणानेच बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका आणि थोडा वेळ कवडशाचं ऊन दाखवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, बुटांच्या खोक्यातल्याही चालतात.

बसायला जागा म्हणजे दुकानाचा कट्टा, बसस्टँड, देवळाचा ओसरा. काढायला भाजलेलं कणीस, मिरची भजी, वाफाळता चहा. बाजारात खानापूर-जांबोटीकडच्या रानातल्या अळंब्या येतात. त्या आणल्या आणल्या काढा, संध्याकाळपर्यंत माना टाकतात. छत्रीच्या खालच्या बारीक पडद्या मधल्या देठाकडून कडेकडे ओढायच्या. एक सूचना: वहीतलं चित्र बघून रानात अळंबी ओळखायला जाऊ नका. विकणाऱ्या जाणत्या बाईकडूनच घ्या.

१५. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक, गणपती विसर्जन, हे चालतं-फिरतं कसं काढणार?

थांबणाऱ्या गोष्टी आधी शोधा. बेळगावात वैशाखात निघणारी चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते आणि चौकाचौकांत अडते. रथ अडला की त्याचा सांगाडा काढा. माणसं नंतर, कुठल्याही रथावरची कुठल्याही रथावर बसवली तरी बिघडत नाही. ढोल वाजवणारे एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतात, त्यामुळे चौथ्या-पाचव्या वेळेला हात सापडतो. रात्रीच्या दिव्यात रंग फसवे दिसतात, म्हणून तिथं फक्त गडद-फिकट नोंदवा आणि रंगासाठी फोटो घ्या. विसर्जनाला कपिलेश्वर तलावाच्या काठी धक्काबुक्की असते, तिथं वही उघडूच नका. आदल्या दिवशी मांडवात जाऊन प्रसादाची पातेली काढा. वडगावची मंगाईची यात्रा आषाढात, म्हणजे ऐन पावसात. त्यासाठी प्रश्न १४.

१६. पाट्या कन्नडमध्ये असतात. मला वाचता येत नाहीत, त्या काढू की सोडून देऊ?

काढा. अक्षर म्हणून बघू नका, आकार म्हणून बघा. कन्नड अक्षर गोलसर, वर टिकमार्कसारखी छोटी खूण, आणि जोडाक्षर खाली लोंबतं. आधी पाटीची चौकट, मग प्रत्येक अक्षराला किती जागा ते ठिपक्यांनी, मग आकार. खोटी-खोटी वेटोळी काढली तर वाचणाऱ्याला लगेच कळतं आणि ते बरं दिसत नाही. जमणार नसेल तर एकच शब्द नीट काढा, बाकीच्या जागी आडवी रेघ. दुकानदाराला उच्चार विचारून शेजारी देवनागरीत लिहिलात तर काही महिन्यांत निम्म्या पाट्या वाचता येऊ लागतात. पाट्यांवरून या भागात वाद होतात, त्यामुळे घोळका जमून बोलाचाली सुरू असेल तिथं पाटी काढत बसू नका. दुसऱ्या दिवशी या.

१७. चहा-कॉफीने रंगवलं तर? हळदीने?

बिनसाखरेचा कोरा काळा चहा किंवा कॉफीचा डिकॉक्शन चालतो. साखरेचा चहा वाळल्यावर चिकटतो आणि पुन्हा मुंग्यांचा प्रश्न. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी झकास दिसतो, पण उजेडात उडतो. साबणाचा हात लागला तर तांबडा होतो. मिटलेल्या वहीत तो बराच टिकतो, चौकटीत लावायच्या चित्राला वापरू नका. तेलाचा डाग पडला तर लगेच टाल्कम पावडर भुरभुरा, दोन-तीन तासांनी झटका. डाग राहिलाच तर त्याच्याभोवती रेघ ओढून काय सांडलं ते लिहा. खाण्याच्या वहीवर एकही डाग नसला तर मला शंकाच येते.

१८. कुठं अजिबात काढू नये?

कॅम्पात लष्करी इमारती, फाटकं, पहाऱ्यावरचे जवान काढायचे नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि रस्त्याने जाता-येता ते आपल्याला घरचंच वाटतं, पण नियम तो नियम. किल्ल्यातही जिथं लष्कराची पाटी असेल तिथून परत फिरा. धरणावर फोटोबंदी लिहिली असेल तर चित्रालाही तीच लागू समजा. देवळात गाभारा पुजाऱ्याला विचारल्याशिवाय नको. ओवऱ्या, दीपमाळ, बाहेरची नारळवाली यांना सहसा कुणाची हरकत नसते.

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला भंडाऱ्याने सगळं पिवळं होतं, चित्रासाठी मोह होणारच. डोंगर काढा, बैलगाड्या काढा, चुलीवरचा नैवेद्य काढा. जोगती-जोगतिणींचे चेहरे काढू नका, त्यांनी स्वतःहून "काढ की" म्हटलं तरच. नदीवरचे घाट, अंघोळ, धुणं, तिथंही हेच.

१९. दुःखाच्या घरी जेवायला गेलो तर त्या दिवसाचं काय?

तिथं वही काढायची नाही. घरी आल्यावर वाटलं तर तारीख टाकून एखादी वस्तू आठवणीतून काढा, पत्रावळ किंवा तांब्या. नाव लिहायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

२०. मधे पंधरा दिवस राहून गेले. मागची पानं भरून काढू का?

नाही. आजची तारीख टाका आणि आजचं काढा.

२१. वही भरल्यावर पुढं काय? शोधायला काहीच सापडत नाही.

सुरुवातीला दोन पानं कोरी सोडत चला. वही भरली की तिथं अनुक्रमणिका करा, तारखेने नको, गावाने आणि पदार्थाने. पानांना क्रमांक मात्र पहिल्या दिवसापासून टाका. फोनने पानं टिपून ठेवायची असतील तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, वही सपाट दाबून.

२२. खानावळवाल्या मामांनी चित्र मागितलं. पान फाडून देऊ?

फाडू नका, शिलाईच्या वहीत जोडीचं पानही सुटतं. रंगीत झेरॉक्स काढून, खाली तारीख आणि त्या दिवशीच्या ताटाची किंमत लिहून द्या. ते भिंतीवर लावतील तेव्हा चुलीपासून लांब लावायला सांगा. आणि फुकट जेवण देऊ केलं तर एकदा घ्या, दुसऱ्यांदा पैसे ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी तिथं वही उघडायला तुम्हालाच अवघड वाटेल.